बातमी ठीक, पण फोटोचं काही खरं नाही: एका न्यूज अ‍ॅपचा रिव्ह्यू (५ पैकी २ स्टार)

वेगवेगळ्या साइट्सवरच्या बातम्या गोळा करून एका फीडमध्ये दाखवणारं हे अ‍ॅप मी बरेच महिने रोज वापरतेय, तेही आत्ताआत्तापर्यंत पैसे भरून, म्हणजे जाहिराती नसलेलं व्हर्जन. नाव लिहीत नाही, कारण मला जे म्हणायचंय ते अशा बऱ्याच अ‍ॅप्सना लागू पडतं, तुम्ही जे वापरत असाल ते उघडून ताडून बघा. दोन स्टार देतेय आणि ते दोन्ही मजकुरासाठी आहेत, फोटोंसाठी मी एकही देणार नाही.

आधी चांगलं ते सांगते. अ‍ॅप फास्ट आहे, फोनची बॅटरी खात नाही, अक्षर मोठं करता येतं, नेट नसताना वाचायला बातम्या सेव्ह होतात, एकाच घटनेवर चार ठिकाणी काय लिहिलंय ते शेजारी शेजारी दिसतं आणि हे शेवटचं फीचर खरंच कामाचं आहे. मूळ बातमी कुणाची आहे ते नाव ठळक असतं. मजकुरात काटछाट करत नाहीत. इथपर्यंत तक्रार नाही.

तक्रार आहे ती कार्डावरच्या फोटोबद्दल. कार्ड म्हणजे फीडमध्ये दिसतो तो चौकोन, वर फोटो, खाली हेडलाइन, बस. आपण सगळेच दिवसभरात जेवढी कार्डं बघतो त्यातल्या किती बातम्या उघडतो? अगदी थोड्या. म्हणजे बहुतेक बातम्या आपल्यापर्यंत पोचतात त्या फक्त या चौकोनातून, आणि तिथेच घोळ आहे.

एक उदाहरण नीट सांगते. पुराची बातमी होती, ताजी, त्याच सकाळची. कार्डावर फोटो असा की खिडक्यांपर्यंत पाणी, छपरावर बसलेली माणसं, कडेला अर्ध्या बुडालेल्या गाड्या. बघून पोटात गोळा येतो. पण फोटो मोठा करून पाहिला तर गाड्यांच्या नंबर प्लेट भलत्याच देशाच्या, स्टिअरिंग उलट्या बाजूला, आणि छपरावरच्या लोकांच्या अंगात जाड जॅकेटं, जेव्हा बातमीतल्या भागात ऐन उन्हाळा चालू. बातमी उघडली. आत तोच फोटो, आणि खाली बारीक राखाडी अक्षरात लिहिलेलं, "संग्रहित छायाचित्र". म्हणजे ज्या साइटने बातमी दिली तिने निदान लेबल लावलं होतं. (कुठला पूर, कोणत्या वर्षीचा, हे तिनेही सांगितलं नव्हतं, तो वेगळा राग आहे.) पण अ‍ॅपच्या कार्डावर त्या दोन शब्दांचा पत्ताच नाही, नोटिफिकेशनमध्ये नाही, आणि कुणाला लिंक पाठवली तर चॅटमध्ये जो प्रिव्ह्यू दिसतो त्यातही नाही. फोटो बाहेर, लेबल आत. आणि आत जातंय कोण.

माझा या अ‍ॅपबद्दलचा सगळा आक्षेप या एका गोष्टीत आहे. फोटो खोटा नसतो बरेचदा, तो खराच असतो, कुठल्यातरी खऱ्या पुराचा, खऱ्या गर्दीचा, खऱ्या आगीचा. त्याच्या खालची ओळ काढून टाकली की तो खोटं बोलायला लागतो. आणि ती ओळ काढण्याचं काम अ‍ॅप करतं, रोज, प्रत्येक कार्डावर.

हे होतं कसं तेही बघितलं, कारण मला आधी वाटलं मुद्दाम करतात. प्रत्येक बातमीच्या पानाच्या कोडमध्ये काही ओळी असतात ज्या सांगतात की हे पान कुठे शेअर झालं तर ही हेडलाइन दाखवा आणि हा फोटो दाखवा. फेसबुकने २०१० मध्ये आणलेलं ओपन ग्राफ नावाचं स्टँडर्ड आहे ते, आता सगळीकडे तेच चालतं. त्यात फोटोची रुंदी सांगायला जागा आहे, उंची सांगायला आहे, ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांच्यासाठी फोटोत काय आहे त्याचं वर्णन द्यायला जागा आहे, पण कॅप्शनला जागाच नाही, उलट त्या वर्णनाच्या बाबतीत "हे कॅप्शन नव्हे" असं तिथे स्पष्ट लिहून ठेवलंय. म्हणजे फोटो उचलला जातो आणि तारीख, ठिकाण, फोटोग्राफर, "संग्रहित" हे सगळं मागे राहतं. खरं तर फोटोच्या फाइलमध्येही ही माहिती भरता येते, आयपीटीसी या बातमी क्षेत्रातल्या संस्थेचं स्टँडर्ड त्यासाठीच आहे, एजन्सीचे म्हणजे वृत्तसंस्थांचे फोटोग्राफर ती नेमाने भरतात, कुठे काढला, कधी काढला, कोणी काढला. पण साइटवर टाकताना, थंबनेल बनवताना फोटो लहान केला जातो आणि बरेचदा तिथेच ती माहिती पुसली जाते. मुद्दाम कोणी करत नाही हे मान्य, पण तुम्ही बातम्या विकताय तर फोटोखालची एक ओळ आणायची सोय करणं हे तुमचं काम आहे, एवढं अवघड नाहीये ते.

आता कोणी म्हणेल, फोटो काय, शोभेला असतो, बातमी वाचा. नाही हो, तसं नसतं. न्यूझीलंडच्या व्हिक्टोरिया युनिव्हर्सिटी ऑफ वेलिंग्टनमधल्या एरिन न्यूमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१२ चा एक अभ्यास आहे. लोकांना सेलिब्रिटींची नावं दाखवायची आणि "ही व्यक्ती जिवंत आहे" हे खरं की खोटं ते पटकन सांगायला लावायचं. काही नावांसोबत त्या माणसाचा साधा फोटो, आपलं काम करतानाचा, काही नावं नुसती. फोटोवरून जिवंत आहे की नाही हे कळायचा काही मार्गच नाही. तरी जी नावं फारशी ओळखीची नव्हती त्यांच्या बाबतीत फोटो असला की लोक "खरं" म्हणायला जास्त तयार. आणि पुढे वाचा, वाक्य बदलून "ही व्यक्ती मरण पावली आहे" केलं तरी तेच! तोच फोटो, उलट दावा, आणि तरी "खरं" कडेच कल. म्हणजे फोटो काही सिद्ध करत नसला तरी नुसता शेजारी असल्यानेच गोष्ट पटायला लागते. हे माहीत असताना, किंवा धंदाच हा असल्यामुळे माहीत असायला हवं असताना, तुम्ही बिनतारखेचा फोटो हेडलाइनच्या डोक्यावर ठेवताय.

दुसरी गोष्ट क्रॉपिंगची, ही जास्त धोकादायक वाटते मला. मूळ फोटो आडवा असतो, अ‍ॅपला चौकोन हवा असतो, तर सॉफ्टवेअर आपलं आपण चेहरा शोधून त्याच्याभोवती कापतं. एका अटकेच्या बातमीत मूळ फोटोत तिघेजण होते, मधे तोंड झाकलेला आरोपी, त्याच्या दोन बाजूंना पोलीस, त्यातले एकजण साध्या कपड्यात. झाकलेल्या तोंडात सॉफ्टवेअरला चेहरा सापडणार कसा, त्याने साध्या कपड्यातल्या पोलिसाचा चेहरा बरोब्बर मधोमध घेतला आणि खाली हेडलाइन, अमुक गुन्ह्यातला आरोपी अटकेत. कार्ड बघणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात आता तो चेहरा आरोपीचा. त्या माणसाने काय करायचं? त्याच्या घरच्यांनी काय करायचं? पुराचा जुना फोटो लागला तर आपली फसवणूक होते, पण इथे एका जिवंत माणसाचं नाव खराब होतंय आणि कदाचित त्याला कळतही नाहीये.

मी रिपोर्ट करायला गेले. रिपोर्टच्या मेनूत काय काय आहे सांगते, अश्लील, हिंसक, द्वेष पसरवणारं, स्पॅम, आणि "मला यात रस नाही". फोटो चुकीचा आहे, फोटो या घटनेचा नाही, असा पर्यायच नाही. शेवटी सपोर्टला मेल टाकला, दोन्ही स्क्रीनशॉट जोडून, कार्डाचा आणि मूळ फोटोचा. उत्तर आलं की फोटो मूळ प्रकाशकाकडून येतात, आम्ही त्याला जबाबदार नाही, कृपया प्रकाशकाशी संपर्क करा. अहो, प्रकाशकाचा फोटो बरोबर होता, तिघेही दिसत होते, कॅप्शनमध्ये कोण कुठे उभंय तेही लिहिलं होतं! कापला तुम्ही, कॅप्शन गाळलं तुम्ही. परत तसं लिहिलं तर पुन्हा तेच उत्तर, शब्द न् शब्द तोच. कार्ड दुसऱ्या दिवशी फीडमध्ये खाली गेलं, तसंच.

इथे मला मोठ्या एजन्सींचं वागणं आठवतं, कारण चुका तिथेही झाल्यात आणि कमी नाही झाल्या. २००६ मध्ये बैरुतवरच्या हल्ल्याचा एक फोटो रॉयटर्सने दिला, त्यात धूर फोटोशॉपमध्ये कॉपी करून वाढवलेला होता, धुराचे तेच तेच गोळे पुन्हा पुन्हा दिसत होते आणि ते पकडलं ब्लॉगवाल्यांनी. रॉयटर्सने त्या फ्रीलान्स फोटोग्राफरशी संबंध तोडले आणि त्याचे सगळेच्या सगळे ९२० फोटो विक्रीतून काढून टाकले, आणि हे जाहीरपणे सांगितलं. २०१४ मध्ये सीरियातल्या एका फोटोच्या कोपऱ्यातला कॅमेरा पुसला म्हणून एपीने (असोसिएटेड प्रेस) फोटोग्राफरशी संबंध तोडले, तो पत्रकारितेचं पुलित्झर पारितोषिक मिळवलेल्या टीममधला असूनही. कोपऱ्यातला एक कॅमेरा फक्त, बातमीला त्याने काही फरक पडत नव्हता. मार्च २०२४ मध्ये ब्रिटनच्या राजघराण्याने दिलेला युवराज्ञी केट आणि तिच्या मुलांचा फोटो एडिट केलेला निघाला तेव्हा एपी, रॉयटर्स, एएफपी सगळ्यांनी तो मागे घेतला, एजन्सीच्या भाषेत याला "किल" करणं म्हणतात, म्हणजे सगळ्या ग्राहकांना कळवायचं की हा फोटो वापरू नका, वापरला असेल तर काढा.

मला या अ‍ॅपकडून एवढंच हवंय. चूक होणार, पण झाली की सांगा.

आणि नुसतं कुठेतरी बारीक अक्षरात "खात्री केलेली नाही" लिहून भागत नाही हेही खरं. बीबीसीने मे २०१२ मध्ये सीरियातल्या हौला हत्याकांडाच्या बातमीवर एक फोटो लावला होता, पांढऱ्या कापडात गुंडाळलेल्या मृतदेहांच्या रांगा आणि त्यावरून उडी मारणारा एक मुलगा. फोटो निघाला २००३ चा, इराकमधला, मार्को दी लाउरो यांनी काढलेला, आणि त्यांनी स्वतः तो साइटवर बघून ओळखला. बीबीसीने खाली लिहिलं होतं की याची स्वतंत्र पडताळणी झालेली नाही. काय उपयोग झाला? पडताळणी झाली नव्हती तर लावायचाच कशाला. हौलात खरंच माणसं मारली गेली होती, मुलं मारली गेली होती, आणि चुकीच्या फोटोमुळे खऱ्या बातमीवरच शंका घ्यायला लोकांना कारण मिळालं. हे जास्त वाईट वाटतं मला. खोट्या फोटोने खोटी बातमी पसरते यावर सगळे बोलतात, पण खरी बातमी चुकीच्या फोटोमुळे खोटी ठरते त्याचं काय?

अ‍ॅपवर परत येते. फोटो बदलला तरी सांगत नाहीत, हा अजून एक त्रास. कधीकधी मूळ साइट चूक लक्षात आल्यावर फोटो बदलते आणि खाली तशी नोंदही टाकते, मग काही वेळाने अ‍ॅपच्या कार्डावरही नवा फोटो येतो, पण गुपचूप. ज्यांनी सकाळी जुना बघितला त्यांना कसं कळणार की तो चुकीचा होता? शिवाय ज्यांनी लिंक कुणाला पाठवली त्यांच्या चॅटमध्ये जुन्याच फोटोचा प्रिव्ह्यू तसाच राहतो, तो पाठवताना तयार झालेला असतो. म्हणजे दुरुस्ती झाली अ‍ॅपमध्ये आणि चूक फिरतेय सगळीकडे. फोटो किती फिरतात ते बघा, कयाकच्या (वल्ह्याच्या छोट्या होडीच्या) मागे शार्क असलेला एक फोटो थॉमस पेशाक यांनी २००३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत काढलेला, त्यातला शार्क कापून पाण्याने भरलेल्या रस्त्यावर चिकटवला कोणीतरी, २०११ मध्ये आयरीन वादळ आलं तेव्हा तो प्वेर्तो रिकोचा म्हणून फिरला आणि २०१७ च्या हार्वी वादळात ह्यूस्टनचा म्हणून पुन्हा.

आता नवीन अपडेटमध्ये एक फीचर आलंय ज्यामुळे खरं तर मी हा रिव्ह्यू लिहायला बसले. ज्या बातमीला फोटोच नाही तिला अ‍ॅप एआयने बनवलेलं चित्र लावतं. चित्र म्हणावं तर ते चित्रासारखं दिसत नाही, फोटोसारखंच दिसतं, धूर, रस्ता, धावणारी माणसं. "एआय-निर्मित" हे लेबल आहे, पण कुठे? कार्डाच्या कोपऱ्यातले तीन ठिपके दाबा, मग "या बातमीबद्दल" दाबा, मग खाली स्क्रोल करा. कोण करणार हे? २२ मे २०२३ ला पेंटागॉनजवळ स्फोट झाल्याचा एक फोटो फिरला, एआयचा होता, नीट बघितलं तर कुंपणाच्या सळ्या एकमेकींत मिसळलेल्या दिसत होत्या, पण ब्लू टिकवाल्या अकाउंट्सनी शेअर केला आणि अमेरिकेचा शेअर बाजार थोड्या वेळासाठी का होईना खाली आला, स्थानिक अग्निशमन दलाला सांगावं लागलं की इथे काही झालेलं नाही. तो फोटो बाहेरच्या कोणीतरी बनवलेला होता. इथे बातम्यांचं अ‍ॅप स्वतःच बनवतंय, स्वतःच्या हाताने, खऱ्या बातमीवर.

आणि मशीनवर फोटो सोपवला की काय होतं ते दिसलेलंय आधीच. २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टने एमएसएन या आपल्या साइटवरच्या बातम्या निवडणाऱ्या माणसांना काढून ते काम सॉफ्टवेअरला दिलं, आणि लिटल मिक्स ग्रुपमधल्या एका गायिकेच्या बातमीवर त्याच ग्रुपमधल्या दुसऱ्या गायिकेचा फोटो लागला. बातमी कशाबद्दल होती माहितीये? तिला आलेल्या वंशभेदाच्या अनुभवांबद्दल. ज्या माणसाला बाकीचे एडिटर शेजारी बसून "अगं, ही ती नाही" असं सांगू शकले असते, तो माणूसच नव्हता तिथे.

माझ्यापुरता मी मार्ग काढलाय. फोटो बघून मनात काही हललं, राग आला किंवा रडू आलं, की आधी बातमी उघडून कॅप्शन शोधायचं, आणि कॅप्शनमध्ये तारीख नसेल तर फोटोवरून तोच फोटो आणखी कुठे आहे ते शोधणाऱ्या गूगल लेन्सवर टाकायचा, किंवा टिनआय नावाची साइट आहे तिथे. टिनआयमध्ये रिझल्ट जुन्यापासून लावता येतात, "ओल्डेस्ट" निवडलं की फोटो नेटवर पहिल्यांदा कधी दिसला त्याचा बऱ्यापैकी अंदाज येतो, म्हणजे आजच्या बातमीचा फोटो चार वर्षांपूर्वी दिसला तर विषयच संपला. उलट मात्र नाही हां, जुना सापडला नाही म्हणजे फोटो ताजा आहे असं नाही, फक्त यांच्याकडे नोंद नाही एवढंच. गूगलमध्ये "या इमेजविषयी" असंही एक फीचर आहे, तेही बघावं. पण हे सगळं मी पैसे भरून घेतलेल्या सर्व्हिसमध्ये, रोज, मीच करायचं का? प्रत्येकाला वेळ असतो का, माझ्या आईला मी लेन्स शिकवू शकते पण तिने प्रत्येक फोटोवर संशय घेत बसावं असं मला नाही वाटत. तिला बातमी वाचायचीये.

ऑक्सफर्डच्या रॉयटर्स इन्स्टिट्यूटचा बातम्यांबद्दल दरवर्षी रिपोर्ट येतो, २०२४ चा ४७ देश-प्रदेशांमधला होता, त्यात बहुतेक बातम्यांवर बहुतेक वेळा विश्वास ठेवतो म्हणणारे लोक निघाले ४० टक्के. आधीच दहातले सहा जण तसं म्हणत नाहीत, आणि हे अ‍ॅपवाले कार्डावर बिनतारखेचे फोटो लावतायत.

उपाय नाहीत असंही नाही. फोटो कुठून आला, कोणत्या कॅमेऱ्याने काढला, नंतर काय बदल केले हे फाइलसोबतच सहीसारखं बांधून ठेवायचं सीटूपीए नावाचं स्टँडर्ड आहे, २०२१ मध्ये अडोबी, मायक्रोसॉफ्ट, बीबीसी वगैरेंनी मिळून सुरू केलेलं, लायकाने २०२३ मध्ये ते थेट कॅमेऱ्यात दिलं. सपोर्टच्या वेबपेजवर या अ‍ॅपने त्याचं नाव मोठ्या अभिमानाने लिहिलंय, "लवकरच". चांगलंय, आणा. पण तोपर्यंत कार्डावर कॅप्शनची पहिली ओळ दाखवायला कोणतं नवीन तंत्रज्ञान लागतं? "संग्रहित" असेल तर ते फोटोवरच छापा, नोटिफिकेशनमध्येही. एआयचं चित्र असेल तर तेही फोटोवरच, तीन ठिपक्यांच्या आत नको. चेहऱ्याभोवती कापणं गुन्ह्याच्या बातम्यांमध्ये बंद करा, आजच करा, यासाठी तर थांबून चालणारच नाही. रिपोर्टमध्ये "फोटो चुकीचा" हा पर्याय द्या आणि तो वाचायला माणूस बसवा. फोटो नसेल तर फोटो नको, नुसती हेडलाइन चालेल, खरंच चालेल.

घ्यावं का हे अ‍ॅप? सेटिंगमध्ये "फक्त मजकूर" म्हणून एक मोड आहे, डिस्प्लेच्या आत, जरा शोधावा लागतो, तो चालू केला की फोटो जातात आणि मग हे अ‍ॅप खरंच चांगलं आहे, मी सध्या तसंच वापरतेय आणि फ्री व्हर्जनवर. पैशाचं सबस्क्रिप्शन बंद केलं, बंद करताना कारण विचारतात तिथे वरचं सगळं थोडक्यात लिहिलंय. फोटोसकट वापरायचं असेल तर निदान गुन्हा, दंगल, युद्ध, पूर-भूकंप यांच्या बातम्या उघडून कॅप्शन बघितल्याशिवाय कुणाला पाठवू नका. पुढच्या अपडेटमध्ये कॅप्शन कार्डावर आलं तर मी इथे येऊन रिव्ह्यू बदलेन, स्टारही वाढवेन.